गर्डर पुलावरचा रूळ: हुक बोल्ट, खाचा आणि थोडी मोकळीक

जमिनीवर रूळ जागेवर राहतो तो मुख्यतः खडीमुळे. रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांच्या, म्हणजे स्लीपरच्या, खाली, मध्ये आणि टोकांना खडी ठासलेली असते, त्यामुळे ट्रॅक बाजूला सरकत नाही. लोखंडी गर्डरच्या पुलावर खडी नसते. स्लीपर थेट गर्डरच्या वरच्या फ्लँजवर (आडव्या रुंद पट्टीवर) बसतात आणि खडीचं काम काही बोल्टांना करावं लागतं.

हेच ते हुक बोल्ट. ब्रॉडगेजवर २२ मि.मी. जाडीचे. नट स्लीपरच्या वर, तर आकडा खाली फ्लँजच्या कडेखाली अडकलेला. बिल्ट-अप, म्हणजे प्लेटा जोडून बनवलेल्या, प्लेट गर्डरला सरळ ओठाचा आकडा लागतो. रोल्ड, म्हणजे एकसंध लाटलेल्या, गर्डरचा फ्लँज आतून उतरता असतो, म्हणून तिथे तिरक्या ओठाचा. अदलाबदल झाली तर ओठ नीट टेकत नाही आणि गाड्यांच्या हादऱ्यांनी काही दिवसांत नट ढिला होतो.

यापेक्षा घातक दोष वरून दिसतच नाही. बोल्ट फिरला की आकडा फ्लँजखालून निसटतो, पण नट घट्टच लागतो. त्यासाठीच बोल्टच्या माथ्यावर आकड्याची दिशा दाखवणारा बाण कोरलेला असतो. तो रुळाशी काटकोनात आणि फ्लँजच्या दिशेने हवा. पाना लावण्याआधी बाण पाहावा. गंज आणि रंगाखाली तो बुजला असेल तर घासून मोकळा करावा. नट आवळून झाल्यावर पुन्हा पाहावा, कारण आवळताना बोल्टही सोबत फिरतो.

लाकडी स्लीपर बसवताना खरं कसब, तो गर्डरवर टेकतो तिथे खालून पाडायच्या खाचेत आहे. प्लेट गर्डरच्या मधल्या भागात फ्लँजवर जास्त प्लेटा असतात, टोकांकडे कमी. त्यात रिव्हेटची डोकी आणि गर्डरचा कॅम्बर, म्हणजे मध्ये वर दिलेला बाक. त्यामुळे सगळ्या स्लीपरांना एकाच मापाची खाच पाडून चालत नाही. प्रत्येक जागेची उंची मोजून स्लीपरवर नंबर टाकावा आणि त्या नंबरचा स्लीपर त्याच जागी बसवावा. खाच वजा जाता उरलेली जाडी महत्त्वाची. खाच पाडल्यावर उघडं पडलेलं लाकूड क्रिओसोट (कूज रोखणारं तेल) लावल्याशिवाय बसवू नये. पाणी तिथूनच शिरतं आणि कूज खालून सुरू होते, वरचा भाग ठणठणीत दिसत असतानाही.

आता मोकळीक. उन्हात १०० मीटरचा गर्डर ४० अंशांच्या फरकाने सुमारे ४६ मि.मी. लांबतो. स्लीपर गर्डरसोबत जातात. रूळही त्यांना पक्का जखडला, तर गर्डर त्याला ओढतो आणि तो ताण बेअरिंग (गर्डरखालचे टेकू) व खांबांपर्यंत पोहोचतो. म्हणून लांब वेल्डेड रुळाच्या पुलावर रेल-फ्री फास्टनिंग वापरतात: रूळ बाजूला हलत नाही, उलटत नाही, लांबीच्या दिशेने मात्र सरकू शकतो. दोन्ही बाजूंच्या जवळच्या ट्रॅकला ५० मीटरपर्यंत पक्कं अँकरिंग (रूळ सरकू न देणारी जखडण) असतं, कारण सरकणारा रूळ कुठेतरी थांबवायला हवाच. पुलावर ‘जास्त घट्ट म्हणजे जास्त सुरक्षित’ असं समजून सगळंच आवळणारे लोक भेटतात. तिथे स्लीपर तिरके होऊन एकमेकांकडे सरकलेले सापडतात. स्लीपर गर्डरला घट्ट, रूळ स्लीपरवर लांबीत मोकळा, हा फरक गँगमधल्या प्रत्येकाला माहीत हवा.

फिशप्लेटचा, म्हणजे दोन रूळ पट्ट्यांनी जोडलेला, सांधा अबटमेंटपासून (पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीपासून) ३ मीटरच्या आत येऊ देऊ नये. तिथे एकीकडे खडीवरचा दबणारा ट्रॅक आणि दुसरीकडे न दबणारा पूल, त्यात सांध्याचा धक्का. पॅकिंग (स्लीपरखाली खडी ठासणं) कितीही करा, टिकत नाही. ६.१ मीटरपेक्षा लहान गाळ्यावर (दोन आधारांमधल्या अंतरावर) सांधा टाळावाच.

गार्ड रेल, म्हणजे घसरलेलं चाक भरकटू नये म्हणून चालू रुळाच्या आत बसवलेला जादा रूळ, मात्र चाक रुळावर असताना काहीच काम करत नाही, म्हणून दुर्लक्षित राहते. चालू रुळापासून ती २५० मि.मी. अंतरावर हवी, ५० मि.मी. कमीजास्त चालतं, आणि तिचा माथा चालू रुळापेक्षा २५ मि.मी.हून जास्त खाली नको. रूळ बदलून जाड सेक्शनचा टाकला आणि गार्ड रेल जुनीच ठेवली, की हे माप हमखास बिघडतं. तिची टोकं खाली वाकवून पुरलेली असावीत आणि तिथे लाकडी ठोकळा असावा, नाहीतर लोंबणारं कपलिंग त्यात अडकतं.