एका ‘ज्या’चा प्रश्न

करारांचे भाषांतर करणाऱ्याला ‘क्लॉज’ हा शब्द रोज दोन अर्थांनी भेटतो. व्याकरणात तो उपवाक्य असतो, म्हणजे स्वतःचे उद्देश्य आणि स्वतःचे क्रियापद असलेला वाक्याचा घटक. करारात तो कलम असतो, म्हणजे क्रमांक देऊन वेगळी मांडलेली अट. एका कलमात दहा उपवाक्ये असू शकतात आणि एखाद्या कलमात एकही पूर्ण वाक्य नसते. भाषांतराला बसण्यापूर्वी मी प्रत्येक कलमातली क्रियापदे अधोरेखित करते आणि प्रत्येक गौण वाक्यापासून ते ज्या शब्दाला लागू होते त्या शब्दापर्यंत पेन्सिलीने बाण काढते. आमचा वेळ अवघड शब्दांपायी जातो असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात तो या बाणांपायी जातो.

त्या दिवशी माझ्यासमोर यंत्रसामग्रीच्या पुरवठ्याचा करार होता आणि त्यातल्या हमीच्या कलमाशी माझा बाण अडला. ‘इक्विपमेंट, स्पेअर पार्ट्स अँड सिस्टिम्स दॅट द सप्लायर हॅज इन्स्टॉल्ड’ यांवर हमी राहील, असे त्यात म्हटले होते. शेवटचे विशेषणवाक्य, म्हणजे ‘दॅट’पासून पुढचा ‘पुरवठादाराने बसवलेले’ असे सांगणारा भाग, फक्त ‘सिस्टिम्स’चे विशेषण आहे की तिन्ही नामांचे? पहिला अर्थ घेतला, तर खरेदीदाराने स्वतः बसवलेल्या सुट्या भागांवरही हमी मिळते. दुसरा घेतला, तर मिळत नाही. इंग्रजी वाक्य दोन्ही अर्थ पोटात ठेवून स्वस्थ बसले होते.

मी मसुदा करणाऱ्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, “अहो मॅडम, इंग्रजीत जसे आहे तसेच मराठीत आणा. अर्थ लावणे आमचे काम आहे.” हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे आणि दर वेळी ते मला चुकीचेच वाटले आहे, कारण वाक्याची रचना ठरवल्याशिवाय भाषांतर होत नाही आणि रचना ठरवणे म्हणजेच अर्थ लावणे. तरीही, संदिग्धता राखून भाषांतर करता येते का, हे पाहण्यात मी अख्खी दुपार घालवली.

‘पुरवठादाराने बसवलेली उपकरणे, सुटे भाग आणि यंत्रणा’ असे लिहिले, तर ‘बसवलेली’ हे रूप उपकरणांशी जुळते आणि विशेषण फक्त उपकरणांचेच आहे, असा इंग्रजीत मुळीच नसलेला तिसरा अर्थ निघतो. विशेषण मधे नेऊन ‘उपकरणे, सुटे भाग आणि पुरवठादाराने बसवलेल्या यंत्रणा’ असे लिहिले, तर प्रश्न खरेदीदाराच्या बाजूने सुटतो. इंग्रजीसारखे विशेषणवाक्य शेवटी ठेवायचे, तर संबंधी सर्वनामाला लिंग द्यावे लागते: उपकरणांसाठी ‘जी’, भागांसाठी ‘जे’, यंत्रणांसाठी ‘ज्या’. इंग्रजीतल्या ‘दॅट’ला लिंगही नाही आणि वचनही नाही. निर्जीव वस्तूंची यादी असेल तेव्हा शेवटच्या नामाप्रमाणे रूप घेण्याची आपल्याकडे रीत आहे, त्यामुळे ‘ज्या’ तिन्हींना लागू होते असा युक्तिवाद करता आला असता. पण ते वाक्य शेजारच्या सहकाऱ्यांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांना त्यात फक्त यंत्रणाच दिसल्या. मलाही तेच दिसत होते.

संध्याकाळी मी करार शेवटपर्यंत वाचला, आणि दोन्ही भाषांतील प्रती सारख्याच प्रमाण मानल्या जातील, असे एक कलम त्यात सापडले. साधारणपणे एकच भाषा प्रमाण धरलेली असते आणि भाषांतर केवळ सोयीसाठी असते. इथे मात्र माझे ‘ज्या’ इंग्रजी मजकुराइतकेच बंधनकारक ठरणार होते. कॅनडातला रॉजर्स आणि अलायंट या कंपन्यांमधला वाद मला आठवला. विजेच्या आणि टेलिफोनच्या खांबांच्या वापराचा त्यांचा करार पहिली पाच वर्षे पूर्ण होण्याआधी मोडता येतो का, हा प्रश्न होता, आणि तो ‘अनलेस’ने सुरू होणारे उपवाक्य वाक्याच्या कोणत्या भागाला लागू होते यावर येऊन ठेपला होता. 2006 मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने एका स्वल्पविरामाच्या आधारे अलायंटच्या बाजूने निर्णय दिला आणि 2007 मध्ये तो फिरवला, कारण ज्या नमुना करारावर त्यांचा करार बेतलेला होता, त्याच्या फ्रेंच पाठात तो संदिग्धपणा नव्हता. तो फ्रेंच पाठ लिहिणाऱ्याच्या टेबलावर तो दिवस कसा गेला असेल, याचा विचार मी त्या संध्याकाळी बराच वेळ करत होते.

मी दोन्ही मराठी पाठ एकाखाली एक लिहिले, प्रत्येकातून काय निष्पन्न होते ते एकेका वाक्यात सांगितले आणि दोन्ही पक्षांच्या वकिलांना एकाच ईमेलने पाठवले. दुसऱ्या दिवशी कळले की दोघांनीही ते कलम मंजूर केले होते, पण दोघांनी ते वेगवेगळ्या अर्थांनी वाचले होते. सही पुढे ढकलली गेली, कलमाचे (अ) आणि (आ) असे दोन भाग झाले आणि बसवण्याची अट फक्त (आ) मध्ये राहिली. एवढ्या उलाढालीचा करार तीन वकिलांच्या हातून गेला होता आणि जुन्या नमुन्यातून उचललेले हे वाक्य कोणीही मोठ्याने वाचले नव्हते, याचा मला अजूनही संताप येतो.

त्याच नमुन्याचे वाक्य आपण पूर्वीही भाषांतरित केले आहे, हे मला त्या रात्री आठवले. चार वर्षांपूर्वीची फाइल उघडली. मी तेव्हा कोणालाही न विचारता ‘पुरवठादाराने बसवलेली उपकरणे, सुटे भाग आणि यंत्रणा’ असे लिहून दिले होते. त्या करारात कोणती प्रत प्रमाण मानायची हे पाहायला मी शेवटच्या पानाकडे गेले. पण त्या वेळी मला फक्त तांत्रिक कलमेच पाठवली होती आणि शेवटचे पान माझ्या फाइलमध्ये नाही.