काळ्या पावावरचं लोणी

मेलबर्नला लेकीकडं होते तेव्हाची गोष्ट. एका गुरुवारी जावईबापू म्हणाले, "आई, आज डेन्मार्कच्या लोकांच्या क्लबात जेवायला जाऊया." क्लब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आला तो साहेबी थाट, पत्त्यांची टेबलं आणि सभासदांशिवाय कुणाला आत न सोडणारा दरवान. म्हटलं, आपल्याला कोण घेणार आत? पण तिथं सभासद नसताना टेबल मिळालं, आणि शेजारी बसून सगळं समजावून सांगणारं माणूसही मिळालं. ते जेवण दोन वर्षं माझ्या मनात घर करून आहे. गेल्या आठवड्यात बेळगावातल्या शहापूरला आमच्या स्वयंपाकघरात जे घडलं त्यामुळं आज लिहायला बसले.

हा क्लब १८८९ सालचा. म्हणजे आमच्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाहून चाळीसेक वर्षांनी धाकटा. सोन्याच्या खाणींच्या ओढीनं, जहाजांवरच्या नोकरीनं, शेतीच्या आशेनं डेन्मार्कची माणसं त्या टोकाला गेली. तिथं त्यांचं सगळंच उलटं झालं असणार. जूनमधली तेवीस तारीख म्हणजे त्यांच्याकडं सेंट हान्सची संध्याकाळ. ऐन उन्हाळ्यात समुद्राकाठी होळीसारखी आग पेटवून भोवती गाणी म्हणायची. मेलबर्नला त्याच तारखेला कडक थंडी. नाताळ तिथं भर उन्हाळ्यात. तरी त्यांनी सण सोडले नाहीत.

आम्ही बसलो त्याच्या पलीकडच्या टेबलावर एक आजीबाई होत्या आणि त्यांच्या ताटासमोर लाकडी काठीवर चिमुकला झेंडा उभा होता. लाल, वर पांढरा क्रूस. मला वाटलं आज त्यांचा राष्ट्रीय दिवस आहे. आमच्याशी बोलायला आलेले पांढऱ्या मिशांचे आजोबा म्हणाले, "नाही, आज त्यांचा वाढदिवस." डेन्मार्कमध्ये घरात कुणाचा वाढदिवस असला की झेंडा काढतात, केकवरसुद्धा कागदी झेंडे खोवतात. झेंड्याचं नाव डानेब्रो. १२१९ साली एस्टोनियातल्या लढाईत तो आभाळातून पडला अशी त्यांची दंतकथा. मी त्या झेंड्याकडं बघतच राहिले. बेळगावात वाढलेल्या माणसाला झेंडा म्हटला की आधी पोलिसांची गाडी आठवते, दुकानांची खाली ओढलेली शटरं आठवतात. कुणाच्या तरी आजीच्या वाढदिवसाला, लोण्याच्या वाटीशेजारी झेंडा असू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मग जेवण आलं. स्मरब्रोड. स्मर म्हणजे लोणी, ब्रोड म्हणजे पाव, इतकं साधं नाव. पाव राय नावाच्या धान्याचा, आंबवलेला, रंगानं आमच्या नाचणीच्या भाकरीसारखा आणि हातात घेतला तर वीट वाटावी असा घट्ट. त्याच्या पातळ कापावर लोणी पार कडेपर्यंत लावलेलं. आजोबांनी कारण सांगितलं: वरच्या ओल्या पदार्थाचं पाणी पावात मुरू नये म्हणून लोण्याचा थर. त्यावर व्हिनेगर-साखरेत मुरवलेला हेरिंग मासा आणि कांद्याच्या चकत्या. वर दुसरा पाव नाही. मी सवयीनं हातात उचलायला गेले, तर त्यांनी हळूच काटा-सुरी पुढं केली. चव? आंबट, गोड, थंडगार. गोव्याहून येणाऱ्या कोळंबीच्या बलचावची आठवण झाली, फक्त तिखट वगळून. तिथंही व्हिनेगर, इथंही व्हिनेगर; लांबच्या दिवसांसाठी मासा टिकवायची समुद्राकाठच्या बायकांची तीच अक्कल.

हेरिंग संपल्यावर ताटली बदलली. मी म्हटलं, असू दे की, चालतंय. आजोबा म्हणाले, चालत नाही. हेरिंग सगळ्यांत आधी, त्याची ताटली वेगळी. मग बाकीचे मासे, मग मांस, शेवटी चीज. क्रम मोडला तर घरातली म्हातारी माणसं रागावतात. मला माझी आजी दिसली. चटणी उजवीकडं वाढली म्हणून भर पंगतीत माझा हात धरणारी. लेकीचा गुरुवार होता, तिच्यासाठी बटाट्याचं आणलं. उकडलेल्या नव्या बटाट्याच्या चकत्या, वर तळलेला कुरकुरीत कांदा आणि हिरवी पात, अंड्याचा सॉस न घालता. तिनं दोन खाल्ले.

जेवण झाल्यावर आजोबांनी आम्हाला एक वाक्य शिकवलं. "टाक फॉर माड." जेवणाबद्दल आभार. डॅनिश घरात लहान पोरगंसुद्धा उठताना हे म्हणतं, आणि ज्यानं रांधलं तो "वेलबेकोम" म्हणतो, म्हणजे अंगी लागो. मी त्यांना "अन्नदाता सुखी भव" शिकवलं. त्यांनी चार वेळा म्हणून घोटून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही भारतात कुठल्या? मी म्हटलं, बेळगाव. लेक म्हणाली, कर्नाटक. मी म्हटलं, आम्ही मराठी. हे तिन्ही एका दमात बोलल्यावर परक्या माणसाला पुढं काय सांगायचं हा माझा नेहमीचा पेच. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून आम्ही म्हैसूर राज्यात कसे गेलो, दरवर्षी त्या तारखेला वडील दंडावर काळी फीत बांधून सायकल फेरीत कसे जायचे, हे मी सांगायला लागले. एका सरकारी खिडकीवर मराठीत भरलेला अर्ज माझ्यासमोर परत सरकवला तेही सांगितलं. आजोबांनी काटा खाली ठेवला.

त्यांच्या आईचं माहेर फ्लेन्सबर्ग. हे शहर आज जर्मनीत, डेन्मार्कच्या हद्दीला चिकटून. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कनं हा सगळा भाग, श्लेस्विग, गमावला. १९२० साली तिथल्या लोकांना मतानं विचारलं, कुठं राहायचं. उत्तरेकडचा पट्टा फेब्रुवारीच्या मतदानानं डेन्मार्ककडं गेला, मार्चच्या मतदानात फ्लेन्सबर्ग जर्मनीतच राहिलं. डॅनिश बोलणारी कितीतरी घरं सीमेच्या चुकीच्या बाजूला उरली. आजोबांनी वापरलेला शब्द "उरली" असाच होता, आणि तो आमचा शब्द आहे. आज त्या भागात पन्नास हजारांच्या आसपास डॅनिश अल्पसंख्याक आहेत. त्यांच्या शाळा आहेत, वाचनालय आहे, १८६९ पासून निघणारं फ्लेन्सबोर्ग आविस हे वर्तमानपत्र आहे. २९ मार्च १९५५ ला दोन्ही देशांनी एकेक जाहीरनामा काढला. त्यातलं एक कलम आजोबांनी बोट टेबलावर टेकवून सांगितलं: कोण स्वतःला डॅनिश म्हणवतो, कोण जर्मन, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, सरकारनं ते तपासायचं नाही की नाकारायचं नाही. सीमेच्या पलीकडं डेन्मार्कमध्ये राहिलेल्या जर्मनांनाही तेच.

आमचं ५६ त्यानंतर दीड वर्षानं आलं. मी हिशेब केला आणि बराच वेळ काही बोलले नाही.

माझ्या वडिलांचा लढा खरा होता, आजही खरा आहे. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, निकाल लागेल तेव्हा लागेल, आणि मराठी शाळेतल्या पोराला त्याच्या भाषेत कागद मिळालाच पाहिजे, यात मी तसूभर मागं हटणार नाही. पण परतीच्या विमानात मला दुसरंच टोचत होतं. त्या क्लबानं परक्या बाईला पहिल्या भेटीत आपल्या आजीच्या ताटाचा क्रम शिकवला. आमच्या मंडळाचं हळदीकुंकू मी वीस वर्षं करते. माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बैलहोंगलकडच्या कानडी अक्कांना मी वाण दिलं, पण चुलीजवळ कधी बसवलं नव्हतं. वीस वर्षांत एकदाही नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या रविवारी बोलावलं. आमच्या घरी लग्नाच्या रुखवताचे मांडे ऑर्डरीनं होतात. मैदा भिजवून मुरवलेला, पिठीसाखर, तूप, खसखस, वेलदोडे. गोळ्यात सारण भरून लाटायचं, मग दोन्ही हातांवर घेऊन कोपरापर्यंत फिरवत फिरवत ताणायचं. आरपार दिवा दिसेल इतकं पातळ झालं की उलट्या तापलेल्या कढईवर टाकायचं आणि गरम आहे तोवर घडी घालायची. क्षणभर उशीर झाला तर कडक होऊन तुकडे पडतात.

अक्कांचा पहिला मनगटावरच फाटला. दुसऱ्याची साखर कढईवर सांडून जळाली, घरभर वास. तिसरा ताणताना त्या स्वतःशी काहीतरी पुटपुटल्या. मी विचारलं, काय म्हणालात? म्हणाल्या, "मनसिनल्लि मंडिगे." मनात मांडे! म्हणे त्यांच्या आईच्या तोंडी कायम असायचं, कुणी नुसती स्वप्नं बघत बसलं की. मी हातातलं लाटणं ठेवून दिलं. मला जन्मभर वाटत होतं की "मनातले मांडे" फक्त आमचे.

चौथा नीट उतरला. घडी जरा वाकडी, पण उतरला. आम्ही दोघींनी तो उभ्या उभ्याच अर्धा अर्धा खाल्ला. मी त्यांना "टाक फॉर माड"ची गोष्ट सांगितली, त्यांना ती फार आवडली.

बुधवारी त्यांच्याकडून एणगाईचा, म्हणजे भरल्या वांग्यांचा, डबा आला, वर चार जोंधळ्याच्या भाकरी. डबा घासून फडताळात ठेवलाय. रिकामा कसा परत करायचा, म्हणून आज रात्री मैदा भिजवणार आहे.