माझी फी कोल्ड स्टोरेजला आहे

आमच्याकडं पैसा वर्षातनं एकदाच येतो. फेब्रुवारी ते एप्रिल. माल गेला की आण्णा हिशेबाला बसतात आणि मे उजाडेपर्यंत नुसता हिशेबच उरलेला असतो. कॉलेजची फी भरायची जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे बागेत काडी पिकवायचं काम चालू असताना, जेव्हा घरात औषधांची उधारी सोडून काही नसतं. बारावीची परीक्षा संपल्यावर मी हे सगळं मांडायला बसले तेव्हा लक्षात आलं की आमची अडचण फी किती ही नाहीच. फी कधी, ही आहे.

आम्ही तासगाव तालुक्यातले. दोन एकर द्राक्षं. एका एकराचा माल व्यापारी उचलतो, दुसऱ्याचा बेदाण्याच्या शेडवर जातो. पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीवर टाकायचा, पंधरा-वीस दिवस सुकवायचा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. (रसायनशास्त्राच्या पुस्तकात पोटॅशियम कार्बोनेट वाचताना मला शेडचाच वास येतो.)

तर वही. शंभर पानी, जुन्या जर्नलमधली उरलेली. पहिल्या पानावर मी आधी एकच आकडा लिहिला होता, शून्य. कारण गावात सगळे म्हणतात, "पोरींना समदं फुकट झालंय." ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे तसा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आम्ही एसईबीसीत, म्हणजे मराठा आरक्षणात बसतो. माझ्या चुलतभावाला ह्यातच पन्नास टक्के मिळतात, त्यामुळे तो सध्या माझ्याशी नीट बोलत नाही. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय फेऱ्यांमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे नाही, अभिमत आणि खाजगी विद्यापीठांनाही नाही. आणि शिक्षण फी म्हणजे अख्खी फी नव्हे. डेव्हलपमेंट फी वेगळी, हॉस्टेल वेगळं, मेस वेगळी, लॅपटॉप तर कुणी धरतच नाही. शून्याच्या खाली ओळी वाढत गेल्या.

पुण्याचं नाव आईनं खोडलं. फीमुळं नाही, मेसमुळं. उरलं सांगलीचं वालचंद आणि कराडचं शासकीय. वालचंद विश्रामबागला, १९४७ सालचं कॉलेज. घरून एसटीनं जाता येतं. आता एसटीची गंमत बघा, बारावीपर्यंत मुलींचा पास फुकट होता. म्हणजे मी इंजिनीअर व्हायला निघाले की पहिला नवा खर्च एसटीच करणार. तरी विद्यार्थी पासला भाड्याच्या एक तृतीयांशच पैसे पडतात. मेसपुढं ते काहीच नाही. म्हणून पहिली पसंती वालचंद. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की तीच जागा घ्यावी लागते, तेव्हा तिथं हौसेनं काहीतरी टाकून चालत नाही. अर्थात ह्या सगळ्याच्या आधी सीईटीचे पर्सेंटाइल यायला हवेत. गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन मार्कांचा आहे आणि माझं इंटिग्रेशन अजून लंगडतंय.

शेजारच्या ताईनं मला घाबरवलं. तिच्या कॉलेजनं तिला सांगितलं होतं, आधी भरा, शिष्यवृत्ती जमा झाली की परत देऊ. कुठलं कॉलेज ते राहू दे. ते पैसे तिच्या बाबांनी व्याजानं आणले आणि परत मिळेपर्यंत व्याज भरत बसले. मला ह्या गोष्टीनं खरं शहाणं केलं. माफी मिळणं वेगळं आणि खिडकीवर उभं असताना खिशात पैसे असणं वेगळं.

आण्णा म्हणाले बँकेत जाऊ. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढं वर्षभर हप्ताही सुरू होत नाही, हे मी वाचून गेले होते. टेबलामागच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सातबारा आणलाय का?" मी वाचलेलं सांगितलं. ते माझ्याकडं न बघता आण्णांना म्हणाले, "पोरगी हुशार आहे." आम्ही परत आलो.

त्या रात्री आज्जीनं तिची बोरमाळ काढून ताटाशेजारी ठेवली. आमची शाळा रयतची. बोर्डिंगच्या पोरांच्या पोटासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही गोष्ट आम्ही दर २२ सप्टेंबरला, कर्मवीर जयंतीला ऐकत आलोय. दर वर्षी मला रडू यायचं. त्या रात्री आलं नाही, राग आला. कर्मवीरांनी एवढं करून ठेवल्यावरसुद्धा पुन्हा बाईच्याच गळ्याकडं बघायचं? मी बोरमाळ परत तिच्या डब्यात ठेवली. ती म्हणाली, "लई शिकलीस."

मग मी आण्णांना वही दाखवली. दर वर्षी मार्चअखेर सोसायटीचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं उचलायला, आम्ही मिळेल त्या दरात सगळा बेदाणा मोकळा करतो. यंदा द्राक्षाच्या पैशातनं सोसायटी भागत होती, थोडं कमी पडलं ते तात्यांनी घातलं. तेव्हा म्हटलं, चाळीस बॉक्स आत्ता विकायचे नाहीत, कोल्ड स्टोरेजला ठेवायचे आणि फीच्या वेळी काढायचे. पंधरा किलोचा एक, म्हणजे सहाशे किलो. किलोला दोनशेनं जरी गेला तरी एक लाख वीस हजार. भाडं जाऊन डेव्हलपमेंट फी, पास, पुस्तकं आणि जुना लॅपटॉप निघतो. शिवाय कुणी "आधी भरा" म्हटलंच तर हात पसरायला नको.

आण्णा बराच वेळ गप्प. "आणि दर पडला म्हंजे?"

मी म्हटलं, पडेल. पण बेदाणा व्याज मागत नाही.

एवढं बोलायला सोपं होतं, पुढचं किचकट. जानेवारीत हौसेनं काढलेला उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपला. तो परत काढायला टाकलाय, त्याच्यावर नॉन-क्रीमीलेयर अडलंय. आधारवर माझ्या नावात एक काना जास्त आहे आणि महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून सेवा केंद्राच्या दोन खेपा झाल्या. अल्पभूधारक असल्याचा दाखला तलाठी भाऊसाहेब भेटले की. कराडला जायची वेळ आली तर हॉस्टेलच्या भत्त्याला, पंजाबराव देशमुख योजनेला, तो लागेल.

परवा चाळीस बॉक्स गाडीत चढले. मी सीईटीचा पेपर सोडवायचा सोडून मोजत उभी होते. कोल्ड स्टोरेजची पावती आता माझ्या वहीत, शेवटच्या पानाला टाचलेली आहे. आण्णांकडं ठेवली तर मे महिन्यात ती औषधाच्या दुकानात जाईल, असं आईचं म्हणणं आहे. आण्णांनी ते नाकारलं नाही.