ऑइल २० मिली मोजून घातलं, तरी पिस्टन घासला

माझ्या चेनसॉच्या जॉब कार्डावर सर्व्हिस सेंटरने दोनच शब्द लिहिले होते: "ऑइल कमी". तेवढ्यावर वॉरंटी गेली. चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक, त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं; मी लिटरभर पेट्रोलला २० मिली घालत होतो, तेही सिरिंजने मोजून, बाटलीच्या बुचाच्या अंदाजाने नाही. मशीन तीन आठवडे त्यांच्याकडे पडून होतं आणि फोन केला की एकच उत्तर, "पार्ट यायचाय". राग अजून गेलेला नाही. पण निदान निम्मं बरोबर होतं, हे मान्य करावं लागतं. इंजिनात ऑइल खरंच पोचत नव्हतं. टाकीत मात्र पुरेसं होतं.

चेनसॉ नवी घेतली की सगळे ऑइलवर वाद घालतात. खरं तर ते दहा मिनिटांत ठरतं. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात ऑइलचा दर्जा असतो; तो जासो एफडी किंवा आयएसओ-एल-ईजीडी असेल तर घ्या. एफसी चालेल. त्याखालच्या एफबीला हुस्क्वर्ना कंपनी ३३:१ सांगते, म्हणजे ३३ भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, लिटरला ३० मिली. त्यांच्या स्वतःच्या ऑइलला ५०:१. स्टिल कंपनीच्या जुन्या मॅन्युअलांत त्यांच्या ऑइलला ५०:१ आणि इतर कंपन्यांच्या ऑइलला २५:१ असं दिलेलं आहे. चेतकच्या काळात पंपावर मिळायचं तसं साधं टू-टी अडीनडीला घातलं तर मशीन मरत नाही, पण धूर वाढतो आणि सायलेन्सरच्या जाळीवर काजळी धरते. किनाऱ्याच्या गावांत होडीच्या आउटबोर्डचं ऑइल हाताशी असतं, त्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं. ते नको. आउटबोर्ड पाण्याने थंड होतो, चेनसॉ हवेने, आणि पिस्टनची गरमी त्या ऑइलला झेपत नाही. मोटरसायकलचं २०डब्ल्यू-४० तर अजिबातच नको. ते जळून जाण्यासाठी बनवलेलंच नाही.

प्रमाणाचा घोळ आकड्यांत नसतो, वाचण्यात असतो. २५:१ म्हणजे लिटरला २५ मिली नव्हे, ४० मिली. लिटरला २५ मिली हे ४०:१ झालं. ५०:१ म्हणजे २० मिली, म्हणजेच २ टक्के. स्वस्तातल्या ५८ सीसी मशीनबरोबर जी दोन तोंडांची बाटली येते, तिच्यावर २५, ४०, ५० अशा रेघा असतात. त्या रेघा ऑइलच्या आहेत, पेट्रोल मात्र खालच्या खुणेपर्यंत भरायचं, हे कोणी सांगत नाही. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा आणि ती बाटली बाजूला ठेवा.

आता पेट्रोल. माझं घोडं इथेच अडलं.

६ फेब्रुवारी २०२३ ला ई२० ची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत जवळपास प्रत्येक पंपावर तेच मिळू लागलं. म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. चेनसॉच्या मॅन्युअलमध्ये इंधनाच्या पानावर बहुतेक कंपन्यांनी इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत असं लिहिलेलं असतं. मशीन विकणारा ते पान दाखवत नाही, वॉरंटी नाकारणारा लगेच दाखवतो.

इथेनॉलमुळे दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात आणि त्या एकत्र समजल्या की गोंधळ होतो.

पहिली हवेची. पेट्रोल पूर्ण जळायला किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. ई२० ला त्यामुळे १३.५ च्या आसपास. गाडीत कॉम्प्युटर ते जुळवून घेतो. चेनसॉच्या साध्या कार्ब्युरेटरला काही कळत नाही, तो जुन्याच हिशेबाने हवा देतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. लीन म्हणजे जास्त गरम. लक्षणं अशी: फुल रेसला आवाज चिरका होतो, रेस सोडली तरी मशीन लगेच खाली येत नाही, आणि प्लगचं टोक विटकरी-तपकिरी असायचं ते पांढुरकं दिसतं. मशीन "मस्त पळतंय" असं वाटतं, तीच ही वेळ. काही महागड्या मशीनमध्ये कार्ब्युरेटर स्वतः जुळवून घेणारा असतो, त्यांना हा त्रास कमी.

आणि इथेच लोक उलटं करतात. मशीन गरम होतंय म्हणून ऑइल वाढवतात. ऑइल वाढलं की तेवढ्याच मापात पेट्रोल कमी जातं, मिश्रण आणखी लीन. २५:१ आणि ५०:१ मध्ये हा फरक दोनेक टक्क्यांचा आहे, पण आधीच काठावर असलेल्या मशीनला तेवढा पुरतो. इलाज ऑइलमध्ये नाही, एच स्क्रूत आहे, म्हणजे फुल रेसला किती इंधन जायचं ते ठरवणाऱ्या कार्ब्युरेटरवरच्या स्क्रूत. मशीन गरम झाल्यावर, एअर फिल्टर साफ असताना, एच घड्याळाच्या उलट दिशेने अष्टमांश फेरा. लाकडात न घालता तीन-चार सेकंद फुल रेस द्या, त्यापेक्षा जास्त नाही. आवाज किंचित फाटका, फडफडता यायला हवा, आणि पाती लाकडात टेकवली की तो साफ व्हायला हवा. स्क्रूवर प्लॅस्टिकची टोपी असेल तर ती थोडंच फिरू देते. तेवढ्यात भागलं नाही तर टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजायचं मीटर) असलेल्या मेकॅनिककडे जा.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि माझा पिस्टन तिनेच खाल्ला. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. थोडं पाणी विरघळलेलं असेपर्यंत काही दिसत नाही. मर्यादा ओलांडली किंवा तापमान उतरलं, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. आता मशीनची टाकी आठवा. आत एक नळी असते, तिच्या टोकाला वजनदार फिल्टर. मशीन आडवं-तिडवं धरलं तरी तो तळाशीच लोळावा, अशी ती रचना. म्हणजे आधी ओढला जातो तो तळचा थर, बिनऑइलचा. बहुतेक वेळा मशीन अडखळून बंद पडतं आणि वाचतं. मी चोक ओढून, रेस देऊन ते चालू ठेवलं.

हे पाणी येतं कुठून? हवेतून येतं ते सावकाश. खरं येतं ते पावसात टाकीचं झाकण उघडल्याने, झाकणाभोवतीचा ओला भुसा आत पडल्याने, आणि अर्धा रिकामा कॅन जुलैभर पडवीत ठेवल्याने. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतही उतरू शकतं, म्हणून मुसळधार पावसानंतर लगेच कॅन भरत नाही.

ओळखायचं कसं: मिश्रण पारदर्शक काचेच्या बाटलीत ओता, न हलवता दहा मिनिटं ठेवा आणि उजेडासमोर धरा. गढूळ दिसलं, किंवा तळाशी पाऱ्यासारखे मणी सरकताना दिसले, की ते मिश्रण गेलं. हलवून पुन्हा एकजीव होत नाही, वरून नवं पेट्रोल ओतूनही नाही.

इथेनॉल किती आहे ते घरी बघता येतं. १०० मिलीची काचेची मोजनळी घ्या, १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, ऑइल घालायच्या आधीचं. बूच लावून हलवा, बूच सैल करून दाब सोडा, दहा मिनिटं थांबा. पाण्याचा थर १० वरून २७-२८ च्या आसपास चढला तर ई२०. १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. हे उघड्यावर, चुलीपासून आणि बिडीपासून लांब. महाग पेट्रोल म्हणजे बिनइथेनॉलचं असं धरू नका, नळी काय सांगते ते बघा. आणि पाण्याने इथेनॉल धुऊन काढून तेच पेट्रोल वापरायचा उद्योग करू नका. इथेनॉल गेलं की ऑक्टेनही उतरतं.

पिस्टन बघायला सर्व्हिस सेंटर लागत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. सायलेन्सरचे बोल्ट काढा, दोरी हळू ओढा, एक्झॉस्टच्या खिडकीतून टॉर्च मारा. ओरखडे फक्त त्या बाजूला असतील तर बहुधा लीन आणि गरमीचे. चहूबाजूंनी कोरडे ओरखडे असतील तर इंजिनाला ऑइल मिळालंच नाही: कोणीतरी साधं पेट्रोल भरलं किंवा तळचा बिनऑइलचा थर आत ओढला गेला. ग्रास कटर फोर-स्ट्रोक असेल तर त्याला साधंच पेट्रोल लागतं, आणि दोन कॅन शेजारी ठेवले की अदलाबदल होतेच. टू-टीमध्ये रंग असतो, मिश्रणाचा रंग साध्यापेक्षा वेगळा दिसतो. कामगाराला तो रंग दाखवून ठेवा.

सध्या मी असं करतो. एफडी ऑइल, लिटरला २५ मिली. ५०:१ चुकीचं नाही, पण एच स्क्रू मी या मिश्रणावर लावलाय आणि आता प्रमाण बदलत नाही. आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल. टाकी भरताना दर वेळी कॅन पुन्हा हलवायचा. कंपन्या मिश्रण ३० दिवस चालेल म्हणतात. पावसाळ्यात ई२० चं मी आठवड्याच्या वर ठेवत नाही, म्हणून एका वेळी दोनच लिटर. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवायचं, नाहीतर कार्ब्युरेटरचा पातळ पडदा कडक होतो आणि पुढच्या वेळी दोरी ओढून खांदा जातो.

पंपावर प्लॅस्टिकच्या बाटलीत देत नाहीत, त्यांच्याशी भांडू नका. घट्ट बुचाचा पत्र्याचा कॅन न्या आणि भरताना जमिनीवर ठेवा, गाडीवर नाही. स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही.

सिरिंजचं राहिलंच. तिचा रबर ऑइलने फुगतो आणि आकडे पुसले जातात, मग २० ची २३ कधी झाली कळत नाही. महिन्याने नवी घ्या, बिनसुईची मागा.