पाळकांना प्रश्न विचारला तर पाप लागतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

युथ मीटिंग सुटल्यावर, लग्नाच्या पंगतीत, आणि हल्ली रात्री अकराला व्हॉट्सॲपवर सुद्धा, मला हाच प्रश्न येतो, की पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, हिशोब विचारला, त्यांचं काही चुकतंय म्हटलं तर ते पाप आहे का, कारण "माझ्या अभिषिक्तांना", म्हणजे देवाने निवडून नेमलेल्यांना, "हात लावू नका" असं बायबलमध्ये वचन आहे ना. विचारणारे बहुतेक तरुण असतात आणि खरंच घाबरलेले असतात. एका मुलीने कमिटीत एवढंच विचारलं होतं की हार्वेस्टच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावात किती पैसे जमले, तर पुढच्या रविवारी पुलपिटवरून, म्हणजे प्रवचनाच्या जागेवरून, नेमकं तेच वचन आलं. नाव नाही घेतलं, पण माना तिच्याकडेच वळल्या, आणि घरी जाऊन ती आईला विचारत बसली की आता आपल्या घरावर काही येईल का. देवाच्या घरात कोणाला असं भ्यायला लागू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

ते वचन आहे स्तोत्र १०५ मधलं, १५वं. त्याच्या वरची तीन वचनं पण वाचा ना. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांची गोष्ट चाललीय, मूठभर माणसं, परकी, या राज्यातून त्या राज्यात भटकणारी, आणि देव त्यांच्यासाठी राजांना दम देतोय की यांना हात लावायचा नाही. म्हणजे दटावलंय राजांना, आणि सांभाळलंय कोणाला, तर ज्यांच्यामागे कोणीच नाही त्यांना. तेच वचन माईकवरून एका कॉलेजच्या पोरीवर वापरायचं म्हणजे सगळं उलटंच झालं.

मग लोक दावीद आणि शौल सांगतात. शौल हा देवाने अभिषेक केलेला राजा, आणि तो दाविदाच्या जिवावर उठला होता. एन-गेदीच्या गुहेत शौल हातात सापडला होता तरी दाविदाने फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला आणि तेवढ्यावरही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. बरोबर. पण १ शमुवेल २४ पुढे वाचा, तो शौलाच्या मागोमाग गुहेबाहेर येतो, मोठ्याने हाक मारतो, जमिनीपर्यंत वाकतो, "माझे स्वामी" म्हणतो आणि शौलाची तीन हजार माणसं बरोबर असताना विचारतो की मी तुमचं वाईट करणार म्हणणाऱ्यांचं का ऐकता, मी तुमचा अपराध केला नाही तरी तुम्ही माझ्या जिवावर उठलात. मान ठेवला, जीव घेतला नाही, पण विचारलं. शौल रडला त्यावर.

अधिकारच नको असं माझं म्हणणं नाही. प्रेषित पौलाला अधिकार होता आणि त्याने तो वापरला, अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र याला सगळ्यांदेखत तोंडावर सांगितलं की तुझं चुकतंय. पण करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांना, तो लिहितो की हा अधिकार प्रभूने तुमची उभारणी करायला दिलाय, पाडायला नाही. आणि तो वापरायचा कसा हे मला पौलाने फिलेमोन नावाच्या विश्वासणाऱ्या मित्राला लिहिलेल्या पत्रात दिसतं, जेमतेम २५ वचनांचं पत्र आहे. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, मालकापासून दूर झालेला, तुरुंगातल्या पौलाकडे येऊन विश्वासात आला. पौल त्याला परत पाठवतो आणि लिहितो की मी तुला आज्ञा करू शकलो असतो, पण प्रीतीसाठी विनंती करतो, याला माझ्याजवळ ठेवून घ्यावं असं वाटत होतं पण तुझ्या संमतीशिवाय काही करायचं नव्हतं, त्याच्याकडून काही येणं असेल तर माझ्या नावावर मांड. आणि पुढे स्वतःच्या हाताने, मी फेडीन. आग्रह आहेच त्यात, तू तर स्वतःलाच मला देणं लागतोस हेही हळूच म्हणून घेतो, पण फिलेमोनाला नाही म्हणायची जागा राहते.

ती जागा गेली की काय होतं ते अमेरिकेत १९७०च्या दशकात दिसलं. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलच्या पाच शिक्षकांपासून शेफर्डिंग मूव्हमेंट सुरू झाली, हेतू शिष्य घडवायचा, पण पुढे लग्न, नोकरी, घर सगळं आपल्या 'शेफर्ड'ला, म्हणजे आपल्यावर नेमलेल्या पुढाऱ्याला, विचारून करायचं असं होत गेलं आणि पुष्कळ माणसं दुखावली. त्या पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी १९८९ मध्ये जाहीर माफी मागितली. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो, कारण आपल्याकडे एवढं म्हणणारे कमी.

आणि हिशोबाचं म्हणाल तर यरुशलेममधल्या गरिबांसाठी पैसे जमवताना पौलाने आपला सहकारी तीत याच्यासोबत मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ आणि अजून एक जण पाठवला, का, तर या देणगीवरून कोणी दोष देऊ नये. कोणी विचारायच्या आधीच साक्षीदार! आमचे जुने पाळकसाहेब दर महिन्याचं कलेक्शन स्वतः लिहून चर्चच्या दाराशी बोर्डाला टाचणीने लावायचे, आणि कोणी बेरीज चुकली म्हटलं की खिशातलं पेन काढून त्याच्या हातात द्यायचे, कर बाबा दुरुस्त. त्यांच्या शब्दाला जेवढं वजन होतं तेवढं मी नंतर कोणाच्या शब्दाला पाहिलं नाही.

म्हणून विचारा. आधी एकट्याने भेटून, सलाम करून, आवाज न चढवता. उत्तर नाही आलं तर दोघंतिघं मिळून जा, मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये असं पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला सांगतो, म्हणजे साक्षीदार असतील तर घ्यायचा असतो. मग पास्टोरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या कमिटीत, लेखी द्या आणि कॉपी स्वतःजवळ ठेवा. आणि मध्येच कोणी शापाची भीती घातली तर स्तोत्र १०५ उघडा आणि १२व्या वचनापासून मोठ्याने वाचा.