शिळ्या पावाची गोष्ट
आज सकाळी न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये आम्ही तिघांनी पॅनकेक, वॉफल आणि फ्रेंच टोस्ट मागवलं. पॅनकेक मऊ, पण सिरप पिऊन लगेच लगदा होतो. वॉफलच्या खळग्यांत लोणी छान साठतं. लेकीने ते सोडलंच नाही. माझं मन मात्र फ्रेंच टोस्टवरच! फ्रान्समध्ये त्याला ‘पें पेर्द्यू’ म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. शिळा पावच दूध-अंडं नीट शोषतो, ताजा फाटतो. कडा खरपूस, आत खिरीसारखं. वर खरं मेपल सिरप हवं. मेपलच्या झाडाचा सुमारे ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप होतं म्हणे. आई उरलेल्या पावाचं असंच करायची, तुपावर, वेलची घालून. आईकडे संध्याकाळ झाली होती, तिला डायनरमधूनच फोन लावला.