अण्णांना सांगितलेले काम

शनिवार, रात्री साडेदहा

नोकरी गेल्याला आज 19 दिवस झाले. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात मी 9 वर्षे 7 महिने गुणवत्ता विभागात काम केले, तेथे एका मोठ्या ग्राहकाची ऑर्डर दुसरीकडे गेली आणि आम्हा 14 जणांना एकाच दुपारी बोलावून कामावरून कमी केल्याचे सांगण्यात आले. त्या दुपारविषयी या वहीत मी पुष्कळ लिहिले आहे. आज लिहायचे आहे ते बायोडेटाविषयी, कारण आठ दिवस मी तो लिहीत होते आणि त्यात मी कोठेच नव्हते.

पहिल्या मसुद्यात माझे पद होते, आयएटीएफ 16949 हे वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक होते, पीपीएपी (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची पद्धत), एफएमईए (संभाव्य दोषांचा आधीच विचार करण्याची पद्धत), आठ टप्प्यांचे तक्रार अहवाल, सगळे होते. त्यातले काहीही खोटे नव्हते. पण 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने वाढत गेले, तेव्हापासून या भागात हेच शब्द आपल्या बायोडेटात लिहिणारी किती माणसे झाली असतील! आमच्या बजाजनगरच्या एका गल्लीतच चार-पाच जण सहज सापडतील. मी स्वतः उमेदवारांचे अर्ज चाळले आहेत आणि असे कागद दुसऱ्यांदा न वाचता बाजूला ठेवले आहेत.

गुरुवारी गंगापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले. अण्णांना तोपर्यंत काही सांगितले नव्हते. कापसाच्या पिकाची त्यांची विवंचना आधीच पुरेशी होती आणि लेकीच्या नोकरीचा त्यांना किती अभिमान आहे हेही मला ठाऊक होते. पण ओट्यावर बसल्यावर लपवता आले नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माय, इतकी वर्षं तू तिथं नेमकं काय करीत होतीस, ते मला कधी कळलंच नाही. आता सांग बरं नीट."

अण्णांसमोर पीपीएपी हा शब्द उच्चारून भागणार नव्हते. मी सांगू लागले, की गाडीच्या एका भागाला आम्ही भोक पाडत असू आणि त्यात दांडा बसत असे. भोक केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरकाने मोठे झाले, तरी तो दांडा आत डगमगे आणि ग्राहकाकडून माल परत येई. 2021 च्या पावसाळ्यात असा माल सारखा परत येऊ लागला, तेव्हा सगळ्यांनी मशीनला दोष दिला. मी तीन आठवडे तिन्ही पाळ्यांमध्ये उभी राहून दर तासाची मापे लिहून काढली आणि शेवटी दोष निघाला तो भाग पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरच्या झिजलेल्या पिनमध्ये. त्यानंतर दर 500 नगांमागे ती पिन तपासण्याचा नियम घातला आणि रिजेक्शन शंभरामागे चारवरून एकाच्याही खाली आले. अण्णांनी विचारले, "ही पिन आधी कुणी का पाहिली नाही?" मुलाखतीत मला कोणी इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही. उत्तर देताना मला उमगले, की बायोडेटात लिहायचे ते हेच आहे.

काल रात्री बसून असे सहा प्रसंग लिहिले. प्रत्येकात अडचण काय होती, मी काय मोजले, काय बदलले आणि पुढे काय झाले, एवढेच. दोन प्रसंगांचे आकडे आठवत नव्हते, कारण ते सारे कंपनीच्या लॅपटॉपवर होते. ते आकडे कंपनीचेच होते, पण त्याच लॅपटॉपवर माझी प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि पगारपत्रकेही होती आणि त्यांच्या प्रती मी कधीच घरी आणून ठेवल्या नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. न आठवलेले आकडे मी अंदाजाने भरले नाहीत.

पैशांचा हिशेबही मांडला आहे. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल मिळणाऱ्या रकमेसाठी, शेवटच्या मूळ पगाराला (महागाई भत्ता असेल तर तो मिळवून) 26 ने भागून 15 ने गुणायचे आणि येणारी रक्कम सेवेच्या वर्षांनी गुणायची. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून माझी 10 वर्षे होतात. मूळ पगार 20,800 असल्याने एकूण 1,20,000 रुपये होतात. कंपनीने तोंडी नऊच वर्षे सांगितली होती, म्हणून मी कालच लेखी अर्ज दिला. ही कोणाची मेहेरबानी नाही, तो माझा हक्क आहे. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा शेवटच्या दिवशीच संपला, त्यामुळे घरासाठी वेगळी पॉलिसी घेणे पहिले काम आहे. पीएफच्या खात्यावरील नाव आधारप्रमाणे आहे का आणि नोकरी सोडल्याची तारीख नोंदली गेली का, हे सोमवारी पाहायचे आहे.

आज संध्याकाळी ह्यांनी नवा बायोडेटा वाचला. पिनचा प्रसंग त्यांना सर्वांत आवडला. "ती झिजलेली पिन पहिल्यांदा तुलाच दिसली का?" त्यांनी सहज विचारले आणि मी थांबले. मापे माझी होती; पण तिसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने एका पहाटे मला हाक मारून सांगितले होते, की पिनवर भाग ठेवताना हाताला ढिला लागतो. मी मात्र "दोषाचे मूळ शोधले" असे एकटीच्या नावावर लिहून मोकळी झाले होते. ती ओळ बदलली. आता तेथे "ऑपरेटरच्या निरीक्षणावरून मापे घेऊन दोषाचे मूळ निश्चित केले" असे आहे, आणि मला ती ओळ आधीपेक्षा भक्कम वाटते.

तो ऑपरेटरही आमच्या चौदा जणांतलाच. मघाशी त्याला फोन केला. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत दोन ठिकाणी अर्ज दिला आहे म्हणाला. बायोडेटात आयटीआय आणि सात वर्षांचा अनुभव, एवढ्या दोनच ओळी आहेत. उद्या दुपारी तो आणि त्याची बायको आमच्याकडे येणार आहेत. मी त्याला ती पहाट पहिल्यापासून सांगायला लावणार आहे आणि तो सांगेल तसे लिहून घेणार आहे.